जुनं घड्याळ चालतं ठेवा, नाहीतर देऊन टाका



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आपल्या कपाटांच्या लॉकरमधून दागिन्यांच्या डब्यांबरोबर आणखी एक डबा निघतो. कुणाकडे तो मखमलीचा असतो, कुणाकडे बिस्किटांचा. त्यात चावीचं एखादं बंद मनगटी घड्याळ असतं. सासऱ्यांचं, वडिलांचं, कधी आजेसासऱ्यांचं. आपण ते कानाला लावतो, हलवून बघतो, दोनदा चावी देतो. थोडं टिकटिकतं आणि थांबतं. मग "राहू दे, आठवण आहे" म्हणत पदराने पुसून परत डब्यात. पुढच्या दिवाळीला पुन्हा हेच.

माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. अशा घड्याळाचं दोनपैकी एक काही तरी करावं. नीट सर्व्हिसिंग करून कुणीतरी हातात घालावं, किंवा ज्याला उपयोग आहे त्याला देऊन टाकावं. डब्यात ठेवणं म्हणजे जपणं, असं आपल्याला वाटतं, पण घड्याळाच्या बाबतीत ते खरं नाही. सोनं पन्नास वर्षं डब्यात राहिलं तरी सोनंच राहतं. घड्याळ मात्र डब्यात असतानाही आतून खराब होत असतं.

कसं ते सांगते. चावीच्या घड्याळात सेल नसतो. चावी दिली की आतली पोलादी पट्टीची गुंडाळी, म्हणजे मेनस्प्रिंग, घट्ट होते आणि मग दिवसभर हळूहळू सुटत जाते. तिची ताकद लहान लहान दातेरी चाकांतून बॅलन्स नावाच्या चाकापर्यंत पोचते. केसाहून बारीक वाटेल अशा हेअरस्प्रिंगच्या जोरावर ते चाक इकडून तिकडे झोके घेतं. आपण ऐकतो ती टिकटिक या झोक्यांची. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घड्याळांत सेकंदाला पाच ठोके पडतात. म्हणजे तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला जवळजवळ पावणेसोळा कोटी. माझं शिक्षण बी.कॉम., त्यामुळे आकडा दिसला की गुणाकार केल्याशिवाय मला राहवत नाही.

एवढी हालचाल जिथे होते, तिथे घर्षण असणारच. म्हणून चाकांच्या आसांची टोकं बारीक माणकांच्या भोकात बसवलेली असतात. डायलवर "१७ ज्वेल्स" लिहिलेलं असतं ते यासाठी. (ही माणकं कारखान्यात तयार केलेली असतात. मोडीत त्यांना काही भाव येत नाही, तेव्हा त्या आशेवर कुणी राहू नये!) आणि तिथे सुईच्या टोकावर मावेल एवढंसं तेल असतं. हे तेल घड्याळ वापरा अगर वापरू नका, काही वर्षांत सुकतं आणि चिकट होतं. त्यात धूळ बसते. मग घड्याळ हळू चालतं, मागे पडतं, शेवटी थांबतं. पुष्कळ जणी म्हणतात, "जास्त चावी दिली म्हणून बिघडलं." तसं नसतं. चावी पूर्ण भरलेली असून घड्याळ बंद आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की आतलं तेल वाळलंय आणि स्प्रिंगची ताकद पुढे पोचत नाही. अशा वेळी ते हलवून, थोपटून, जबरदस्तीने चालवणं वाईट, कारण तेलाविना आस घासले जातात. लोणच्यावरचं तेल कमी झालं की आपण लगेच वरून तेल ओततो. घड्याळात तसंही चालत नाही. जुन्या तेलावर नवा थेंब टाकायचा नसतो, सगळं उघडून धुवावं लागतं.

खरं सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक हवं. ठाऊक असलं की फसवणूक होत नाही आणि मजुरीवरून वादही होत नाही. घड्याळजी आधी मागचं झाकण उघडून यंत्र बघतो. स्प्रिंगची ताकद सावकाश सोडवतो, काटे आणि डायल काढतो. मग एकेक चाक, पूल आणि स्क्रू सुटा करून पेट्रोलने किंवा खास द्रावणाने धुतो. भोकं लाकडी काडीने साफ करतो. सगळं वाळवून परत जोडतो आणि ठरलेल्या जागी ठरलेलं तेल लावतो. मेनस्प्रिंगला जाड, वेगाने फिरणाऱ्या बारीक चाकांना पातळ, आणि काही जागा मुद्दाम कोरड्या. तेल जास्त झालं तरी ते पसरतं आणि नको तिथे चिकटतं. शेवटी यंत्रावर ठेवून ठोके तपासतो, एक बारीकशी दांडी सरकवून वेग कमी-जास्त करतो आणि घड्याळ एक-दोन दिवस स्वतःजवळ ठेवून बघतो. दहा मिनिटांत "झालं बघा, सर्व्हिसिंग" म्हणून हातात दिलं, तर त्याने वरवर फुंकर मारून तेल सोडलं असणार.

आता पैशाची गोष्ट. "घड्याळाची किंमत हजार रुपये आणि सर्व्हिसिंगलाच हजार? नवीनच येईल त्यात!" हे वाक्य मी आपल्या बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायचं कधीचं मनात होतं. मैत्रिणींनो, बांगड्या करायला टाकल्या की सोनार घडणावळ टक्क्यांत लावतो. लाखाच्या सोन्यावर ती किती होते, ते आपल्याला तोंडपाठ असतं आणि आपण निमूट देतो. कारण तिथे मालाला किंमत आहे, म्हणून मजुरीलाही किंमत आहे असं आपण धरून चालतो. घड्याळजीकडे माल काहीच नाही. त्याचे तीन-चार तास, त्याचे डोळे, त्याचा न थरथरणारा हात, एवढंच तो विकतो. त्याच्याशी मात्र आपण शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. हिशेब तरी नीट करा. चांगलं सर्व्हिसिंग चार-पाच वर्षं पुरतं. हजार रुपये धरले तर वर्षाला दोनशे-अडीचशे. एवढ्यात आपली एक भिशीची पार्टीही होत नाही.

आणि घासाघीस करून आपण काय मिळवलं तेही बघा. घड्याळजीची मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. बाजारपेठेतल्या दुकानाच्या पायरीशी काचेची पेटी घेऊन, डोळ्याला भिंग लावून बसणारे काका आता मोजकेच दिसतात, आणि त्यातलेही बरेच जण दिवसभर सेल आणि पट्टे बदलून पोट भरतात. काम अवघड आणि मोबदला थोडा असेल, तर ते कुणी का शिकावं? अजून दहा वर्षांनी तुमच्या नातवाला पणजोबांचं घड्याळ चालू करावंसं वाटलं, तर पैसे असतील पण हात नसेल.

आता थोडं घरचं. माझ्या लग्नात भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यांना एच.एम.टी.चं घड्याळ दिलं होतं. त्या काळी जावयाला घड्याळ देणं मोठी गोष्ट होती. श्रीमंतांकडे फावर ल्यूबा किंवा वेस्ट एन्ड, आणि आपल्यासारख्यांकडे एच.एम.टी. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कांचन, कोहिनूर ही नावं तुमच्याही कानावर असतील. पुढे सेलची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला.

हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मुलांचं म्हणणं होतं की पप्पांचं घड्याळ काचेच्या चौकटीत बसवून फोटोशेजारी लावू. भावना चांगली होती. पण जे घड्याळ त्यांनी रोज सकाळी दूध तापेपर्यंत चावी देऊन चालवलं, ते भिंतीवर बंद बघणं मला नको होतं. एका मोठ्या चकचकीत दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, "आंटी, याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या." मग जुन्या बाजारातल्या एका वयस्कर घड्याळजींकडे नेलं. त्यांनी झाकण उघडून मला भिंगातून आतलं दाखवलं आणि म्हणाले, "मशीन चांगलं आहे, नुसतं उपाशी आहे." आठ दिवसांनी घड्याळ चालू होऊन आलं. तेव्हापासून ते माझ्या हातात आहे. पुरुषी घड्याळ, त्यातून नवऱ्याचं, त्यामुळे सुरुवातीला एक-दोघींनी टोकलं. मी म्हटलं, पैसे माझ्या वडिलांचे, वापर माझ्या नवऱ्याचा, मग आता माझ्या हातात न शोभायला काय झालं? यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

आपल्या आचाराशी या घड्याळाचा जिथे संबंध येतो, त्या तीन गोष्टी मुद्दाम सांगते.

पहिली, सामायिक. आपल्यातल्या पुष्कळ जणी सामायिकात सेलचं घड्याळ अंगावर ठेवत नाहीत. वाळूचं घड्याळ समोर ठेवतात. चावीच्या घड्याळात वीजच नाही, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. "पण ते अचूक असतं का?" असं विचाराल. चांगलं सर्व्हिसिंग झालेलं जुनं घड्याळ दिवसाला वीस सेकंद पुढेमागे झालं, तरी ४८ मिनिटांत पूर्ण एका सेकंदाचाही फरक पडत नाही. आपलं मन त्या ४८ मिनिटांत किती वेळा भरकटतं, ते आपलं आपल्याला ठाऊक!

दुसरी, पट्टा. जुन्या घड्याळाला बहुधा चामड्याचा पट्टा असतो. तो काढून टाका. स्टीलची साखळी, नायलॉन किंवा जाड कापडी पट्टा सहज मिळतो. घड्याळाच्या दोन शिंगांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या, म्हणजे बरोबर बसेल. दुकानात "लेदर नको" एवढं सांगून थांबू नका, आतलं अस्तरही बघा. वरून कापड आणि आत चामडं, असे पट्टेही असतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला बरीच उशिरा कळली. जुन्या काळी घड्याळाचं उत्तम तेल माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांपासून काढत. शिंशुक आणि लहान जातीचे देवमासे यांच्या जबड्यातल्या आणि डोक्यातल्या चरबीचं ते तेल थंडीत गोठत नाही आणि लवकर वाळतही नाही, म्हणून त्याला मागणी होती. अमेरिकेतलं न्यू बेडफर्ड हे बंदर त्यासाठी प्रसिद्ध होतं. १९७२ साली अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आता चांगले घड्याळजी प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम तेल वापरतात. ते जास्त टिकाऊही असतं. तरी घड्याळ टाकताना "तेल कुठलं वापरता? सिंथेटिक ना?" असं विचारायला काय हरकत आहे? बाटली बघायला मागा. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघतोच ना.

घड्याळ दुरुस्तीला देताना आणि नंतर वापरताना एवढं लक्षात ठेवा:

१. देण्याआधी डायल, मागचं झाकण आणि जमलं तर उघडलेल्या यंत्राचा मोबाइलवर फोटो काढा. अविश्वास म्हणून नव्हे, हिशेब म्हणून.

२. "डायल नवीन रंगवून चकाचक करून देतो" म्हटलं तर नको म्हणा. जुन्या डायलवरचे डाग त्याच्या वयाचे असतात. ऑनलाइन विकली जाणारी भडक रंगांची "जुनी" घड्याळं बरेचदा अशीच रंगवलेली आणि चार घड्याळांचे भाग जोडून केलेली असतात. तसंच, केस पॉलिश करताना मागची कोरलेली अक्षरं पुसली जातात. तिथे कुणी नाव आणि लग्नाची तारीख कोरून घेतली असेल, तर तीच तर आपली आठवण.

३. बदललेला भाग परत मागून घ्या.

४. चावी रोज ठरलेल्या वेळी द्या, शक्यतो सकाळी. घड्याळ हातातून काढून द्या, म्हणजे चावीच्या दांडीवर तिरका ताण येत नाही. घट्ट लागली की थांबा.

५. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका. त्या वेळी आतली चाकं स्वतःच तारीख बदलायच्या तयारीत असतात. मध्ये आपण जोर केला तर दाते तुटतात.

६. पाणी आणि वाफेपासून जपा. झाकणाचं जुनं रबर कडक झालेलं असतं. काचेच्या आत बाष्प दिसलं तर उन्हात ठेवत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. गंज एका रात्रीतही धरतो.

७. लोहचुंबकापासून दूर ठेवा. आपल्या पर्सची चुंबकाची बटणं, मोबाइलचा स्पीकर, इंडक्शनची शेगडी ही सगळी याची शत्रू. घड्याळ एकदम दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर बहुधा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं. घड्याळजीच्या छोट्या यंत्रावर ते मिनिटभरात जातं. त्यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

८. फार जुन्या परदेशी घड्याळांचे अंधारात चमकणारे आकडे रेडियमचे असू शकतात. अशी घड्याळं घरी उघडून किंवा खरवडून बघू नका.

आता यावर येणारी एक हरकत मला अगोदरच ऐकू येते. "एवढं सांभाळायचं म्हणजे मोहच नाही का? आपण अपरिग्रह म्हणतो आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूला कवटाळून बसतो." प्रश्न बरोबर आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. पण मला वाटतं, परिग्रह रोज हातात असलेल्या एका घड्याळात कमी आणि डब्यात पडलेल्या सहा घड्याळांत जास्त आहे. वापरातल्या वस्तूला आपण रोज दोन मिनिटं देतो, तिचं बरंवाईट बघतो. डब्यातल्या वस्तूला आपण काहीच देत नाही, फक्त "माझी आहे" एवढंच म्हणतो. भावाभावांत वाटणीच्या वेळी वडिलांच्या घड्याळावरून अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. ज्याने ते भांडून घेतलं, त्याच्याकडेही ते बंदच पडलंय.

म्हणून लेखाच्या नावातला दुसरा भाग मी तितक्याच आग्रहाने सांगते. सगळी घड्याळं दुरुस्त करायच्या मागे लागू नका. यंत्र गंजून एकजीव झालं असेल, बॅलन्सचा आस तुटला असेल आणि भाग मिळत नसेल, तर सोडून द्या. बायकांची जुनी घड्याळं तर इतकी लहान असतात की त्यांचं काम जास्त अवघड असतं. घड्याळजी "नको" म्हणाले तर त्यांना टाळाटाळीचा दोष देऊ नका. घरात चार बंद घड्याळं असतील तर त्यातलं एक निवडा, ज्याचं यंत्र धड आहे आणि जे घालायला कुणीतरी तयार आहे. उरलेली त्याच घड्याळजीला सुट्या भागांसाठी देऊन टाका, पैसे न घेता. कारखाना बंद झाल्यावर सुटे भाग येणार कुठून? अशाच पडलेल्या घड्याळांतून. आपल्या समाजात नेत्रदानाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या डब्यातल्या एका बंद घड्याळाचं चाक दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं घड्याळ चालू करत असेल, तर ते डब्यात ठेवून आपण काय साधतोय?

आणि जे निवडाल, ते कुणाला द्यायचं तेही आताच ठरवा, आपण असताना. मुलालाच द्यायला हवं असं काही नाही. जो किंवा जी रोज चावी देईल, तिला द्या. माझी नात अकरावीत आहे. रविवारी घरी आली की माझं घड्याळ ती मागून घेते आणि मोबाइलच्या वेळेशी जुळवून किती सेकंद फरक आहे ते वहीत लिहिते. मी तिला सांगून ठेवलंय की हे तुझंच, आणि दर चार वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्चही तुझाच.

या दिवाळीत तो डबा निघाला की यंदा फडक्याने पुसून परत ठेवू नका. आधी चावी देऊन हलवूही नका. तसाच पिशवीत घाला, गावातल्या जुन्या बाजारात जा आणि घड्याळजींना झाकण उघडून दाखवायला सांगा. ते मजुरी सांगतील, ती ऐकून घ्या आणि एकदा तरी घासाघीस न करता द्या.